व्यवस्थापन-शिक्षणाची दारे आणि परीक्षेचा गुण



नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी देशातील सुमारे तीन लाख तरुण-तरुणी दोन तास संगणकापुढे बसतात. त्या दोन तासांवर सारे पुढचे आयुष्य अवलंबून आहे, अशी त्यांची आणि त्यांच्या आईबापांची समजूत असते. ही परीक्षा म्हणजे भारतीय व्यवस्थापन संस्थांची, अर्थात आयआयएमची, ‘कॅट’. २०२४ साली २ लाख ९३ हजार उमेदवारांनी ती दिली. प्रश्न ६८, बरोबर उत्तराला ३ गुण, पर्याय चुकला तर १ गुण वजा. यातून जो पर्सेंटाइल निघतो तो ज्ञानाचे माप नव्हे, केवळ रांगेतील स्थान आहे. ९९ पर्सेंटाइलच्या उमेदवारापुढे सुमारे २,९०० जण उभे असतात, ९८ वाल्यापुढे त्याच्या दुप्पट. अशा दाटीत एका प्रश्नाने शेकडो जण मागे-पुढे होतात. तरीही दशांश चिन्हापुढील आकडा ‘गुणवत्ता’ म्हणून तरुणांच्या कपाळी चिकटवला जातो.

परंतु या संस्था स्वतः त्या आकड्यावर किती विसंबतात? तो आकडा उमेदवाराला मुलाखतीच्या दारापर्यंत आणून सोडतो. पुढे दहावी, बारावी व पदवीचे गुण, नोकरीचा अनुभव आणि मुलाखत यांचे वजन सुरू होते. अभियंत्यांचीच गर्दी होते म्हणून इतर शाखांच्या पदवीधरांना, आणि स्त्रिया थोड्या येतात म्हणून स्त्रियांना, अनेक संस्था काही गुण अधिक देतात. कोळिकोडच्या संस्थेत २०१३ च्या तुकडीत स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्या वर गेले, ते निकष बदलल्यानंतरच. हे योग्यच झाले. पण मग केंद्रीय शिक्षणसंस्थांत इतर मागासवर्गीयांसाठी २७ टक्के जागा राखणारा कायदा २००६ मध्ये आला, तेव्हा गुणवत्ता बुडाल्याचा आक्रोश कशासाठी झाला? १० एप्रिल २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. आक्रोश मात्र आजही अधूनमधून ऐकू येतो. वाणिज्य शाखेच्या मुलीला दिलेले अधिक गुण ही ‘विविधता’ आणि कुंभाराच्या मुलाची राखीव जागा ही ‘तडजोड’, असा हा उच्चवर्णीय शब्दकोश आहे. ‘गुणवत्ताशाही’ हा शब्द १९५८ साली रूढ केला तो ब्रिटिश मजूर पक्षाचा १९४५ चा जाहीरनामा लिहिणाऱ्या मायकेल यंग यांनी, आणि तोही उपहासाने. पुढे लोकांनी उपहास विसरून शब्द तेवढा उचलला.

परीक्षा निष्पक्ष आहे असे मात्र कोणी समजू नये. ६८ पैकी २४ प्रश्न इंग्रजी आकलनाचे असतात. उरलेलेही इंग्रजीतच वाचावे लागतात. गडचिरोलीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली मुलगी गणितात कितीही तल्लख असो, ४० मिनिटांच्या त्या भागात तिची गाठ तिच्या बुद्धीहून वेगळ्याच गोष्टीशी पडते. पुण्या-मुंबईचे क्लास, सराव-परीक्षांची मालिका, नोकरी न करता वर्षभर घरी बसण्याची ऐपत, हे सारे त्या आकड्यात विरघळलेले असते. अर्जाचे शुल्कच २०२४ मध्ये २,५०० रुपये होते; अनुसूचित जाती-जमाती व अपंगांना निम्मे.

येथे पुरोगामी मित्र चटकन एक निष्कर्ष काढतात. परीक्षाच फेकून द्या, ते म्हणतात, आणि माणूस समग्रपणे पाहा. ही सूचना ऐकायला गोड, पण तिचा इतिहास कडू आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेतील हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांची संख्या वाढते असे दिसताच ‘चारित्र्य’ व ‘व्यक्तिमत्त्व’ हे निकष पुढे आणले गेले. स्थलांतरितांची मुले परीक्षेत मागे पडत नव्हती. मग त्यांना अडवायचे कशाने? जे मोजता येत नाही अशाने. भारतात ते काम मुलाखतीची खोली करू शकते. उच्चार, पोशाख, वडिलांचा व्यवसाय, उन्हाळ्यात केलेल्या सहलींची चर्चा हे सारे तिथे गुणांत रूपांतरित होते, आणि कोणत्या कारणाने किती गुण कापले याचा माग राहत नाही. परीक्षेच्या उत्तरावर निदान आक्षेप तरी घेता येतो.

याहून घातक आहे ते शालान्त गुणांचे वजन, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. कॅट पुढल्या वर्षी पुन्हा देता येते. दहावी पुन्हा देता येत नाही. पंधराव्या वर्षी घरी कर्ज होते, गुरुजींची जागा रिकामी होती, मुलगा सकाळी दूध घालून शाळेत जात होता, म्हणून ६८ टक्के पडले. तर चोविसाव्या वर्षीही ते ६८ टक्के त्याला आडवे येणार! त्यातून २०२१ चे उदाहरण घ्यावे. कोरोनामुळे महाराष्ट्रात दहावीची परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि शाळेचे अंतर्गत मूल्यमापन यांवर निकाल लागला व तो ९९.९५ टक्के लागला. ती मुले आता पदवी घेऊन व्यवस्थापनाच्या प्रवेशाला येऊ लागली आहेत. न झालेल्या परीक्षेच्या गुणांनी त्यांना तोलणे हा कोणता न्याय?

महाराष्ट्राची सीईटी दुसऱ्या टोकाला आहे. तिच्या केंद्रीभूत प्रक्रियेत मुलाखत नाही, गुणक्रम हेच सर्वस्व. खोलीतील पक्षपात तिथे टळतो, पण रांगेतील दशांशांची पूजा पूर्णत्वाला जाते. तेव्हा परीक्षेच्या गुणाला उंबरठ्याचे काम द्यावे. अभ्यासक्रम झेपेल एवढी तयारी आहे की नाही, हे तो बऱ्यापैकी सांगतो. उंबरठ्याच्या आतल्या दोघांत थोर कोण, हे तो सांगू शकत नाही. आतल्यांची निवड करताना दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने मागास जिल्ह्यांतील उमेदवारांना वंचिततेचे अधिक गुण देण्याची जी पद्धत अवलंबिली होती, ती राखीव जागांच्या जोडीने इथेही आणावी. दहावीचे वजन काढून टाकावे.

जुन्या आयआयएममध्ये दोन वर्षांचे शुल्क आज २० लाखांच्या वर आहे. २००४ मध्ये केंद्र सरकारने वार्षिक शुल्क दीड लाखावरून ३० हजारांवर आणण्याचा आदेश काढला, तेव्हा संस्थांच्या स्वायत्ततेचा केवढा गजर झाला, आणि आदेश टिकला नाही. स्वायत्तता हवीच, पण ज्या जमिनींवर व ज्या सरकारी अनुदानांवर या संस्था उभ्या राहिल्या तो पैसा कोणाचा होता? जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हाच हिशेब मांडला होता: सारा रयतेचा, शिक्षण वरच्या वर्गाचे.

विद्यार्थ्यांचे सरासरी वेतन, अभियंत्यांचे प्रमाण, स्त्रियांचे प्रमाण हे सारे या संस्था मोठ्या हौसेने छापतात. प्रवेश मिळालेल्यांपैकी किती जण मातृभाषेतून शिकले, किती जणांचे आईवडील शेतमजूर वा कामगार आहेत, आणि मुलाखतीत कोणत्या गटाला सरासरी किती गुण पडले, हे तक्तेही दर वर्षी प्रसिद्ध करावेत, अशी मागणी विद्यार्थी संघटनांनी आणि संसदेतील समाजवादी सदस्यांनी आता लावून धरली पाहिजे.