दुखणं थांबवणं हीसुद्धा दवाच



मी डॉक्टर नाही. साचे चालवून हाताला घट्टे पडलेला माणूस. वाचनालयात बसून जे वाचलं आणि डोळ्यांनी जे पाहिलं तेवढंच सांगतो.

आमच्या खात्यातल्या एका सोबत्याला तोंडाचा कॅन्सर झाला. तंबाखू तोही खायचा, मीही खायचो. शेवटी दवाखान्यात त्याच्या बायकोला सांगितलं, "आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या." दहा बाय बाराची खोली. तो रात्रभर कण्हायचा आणि दहावीतला पोरगा जिन्यात बसून अभ्यास करायचा. आम्ही भेटायला जाताना सफरचंदं न्यायचो. ज्याला पाणी गिळत नाही त्याला सफरचंदं! त्याची मला अजून लाज वाटते.

काही करण्यासारखं नाही, हे खरं नव्हतं. रोग बरा होणार नव्हता, पण दुखणं पुष्कळ कमी करता आलं असतं. सिसली सॉन्डर्स ही बाई आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाली. तिने १९६७ साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स ही अशा रुग्णांची संस्था काढली. तिचं म्हणणं, दुखणं एकट्या शरीराचं नसतं. मनाचं, घरादाराचं, पैशाच्या काळजीचंही असतं. आणि औषध द्यायचं ते घड्याळाप्रमाणे. रोग्याने ओरडावं, मग आपण धावावं, असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९८६ मध्ये पायऱ्या आखून दिल्या : आधी साध्या गोळ्या, नाही भागलं तर पुढे मॉर्फिनपर्यंत.

मॉर्फिन अफूपासून होतं. अफूची परवान्याने शेती आपल्याच देशात होते, पण १९८५ च्या कायद्यामुळे ते औषध मिळवणं इतकं किचकट झालं की पुष्कळ दवाखान्यांनी नादच सोडला. २०१४ मध्ये कायदा सुधारला. लोकांच्या मनातली भीती मात्र सुधारली नाही. "व्यसन लागेल हो!" म्हणतात. अहो, डॉक्टरच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतलं तर ती भीती फार थोडी. बद्धकोष्ठ मात्र होतं, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध द्यावं लागतं.

मुंबईत बांद्र्याला १९८६ मध्ये डॉ. डिसूझा या कॅन्सरच्या सर्जननी शांती आवेदना आश्रम सुरू केला. अशा रोग्यांसाठी देशातली ही पहिली संस्था, तीही विनामूल्य. आमच्या परळपासून बांद्रा किती लांब? पण आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही.

आम्ही त्याच्यापासून रोगाचं नावही लपवलं होतं. त्याला ते ठाऊक होतं. त्याला पोराच्या शिक्षणाचं, गावच्या घराचं बोलायचं होतं. दुखणं चार तास जरी थांबलं असतं, तरी बोलला असता.

त्याची बायको आज इथे मागे बसली आहे. तिला विचारूनच मी हे बोललो.