रानांतली खोटी साद



शनिवारीं-रविवारीं पहांटे उठून दुर्बीण व कॅमेरा खांद्याला अडकवून रानाकडे जाणारीं माणसें आतां शहरांतल्या पुष्कळ घरांत आढळतात. त्यांच्या पिशवींत अलीकडे आणखी एक वस्तु असते: मुठींत मावेल एवढा स्पीकर. मोबाइलमध्यें सांठवलेला पक्ष्याचा आवाज त्यांतून वाजविला कीं, तास तास दर्शन न देणारा पक्षी दोन मिनिटांत समोरच्या फांदीवर येऊन बसतो. पाहणारांस आनंद होतो, छायाचित्रहि उत्तम निघतें. ह्या वस्तूविषयीं आज मला बोलावयाचें आहे. ती मीं स्वतः वापरलेली आहे, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें.

पक्षी येतो तो कशासाठीं, हें प्रथम पाहूं. आपल्याला वाटतें, कोणी सोबती बोलावतो आहे म्हणून तो लगबगीनें आला. बहुधा तसें नसतें. विणीच्या दिवसांतलें नराचें गाणें मादीसाठीं जितकें असतें, तितकेंच तें दुसऱ्या नरांस बजावणें असतें, कीं ही जागा माझी आहे. त्याच्या हद्दींत त्याच्याच जातीचा परका आवाज उठला, म्हणजे घरांत चोर शिरल्यावर आपलें जें होतें तेंच त्याचें होतें. पिंगळ्याचा आवाज लावला तर चष्मेवाले, शिंजीर, नाचण असे चिमुकले पक्षी गोळा होतात. तेहि शत्रूला हुसकावण्यासाठीं. अमेरिकेंत कोयोट नांवाच्या कोल्ह्यासारख्या जनावराचे शिकारी जखमी सशाची किंकाळी यंत्रावर वाजवितात. तेथें भूक धांवून येते. आफ्रिकेंत तरस व सिंह यांची गणती करणारे शास्त्रज्ञ रात्रीं रानरेड्याच्या पिलाचा आकांत ऐकवितात, तेंहि त्यांतलेंच.

ही विद्या अगदीं नवी आहे असें नव्हे. आपल्याकडचे फांसेपारधी पाळीव तित्तिर पिंजऱ्यांत ठेवून त्याच्या ओरडण्यानें रानांतले तित्तिर फांशांकडे ओढीत. जिम कॉर्बेटनें तर यंत्रावांचून वाघीण बोलावली. कुमाऊंतील ठाकची नरभक्षक वाघीण जोडीदाराच्या शोधांत ओरडत हिंडत होती. १९३८ च्या नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशीं, सांज पडतां पडतां, कॉर्बेटनें तिला नर वाघाच्या आवाजांत उत्तर दिलें. ती आली आणि गोळीला बळी पडली. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ ह्या १९४४ सालच्या पुस्तकांत ही हकीकत आहे. ती वाचतांना वाघिणीची कींव आल्यावांचून राहत नाहीं. परंतु कॉर्बेटनें त्या सौद्यांत स्वतःचा प्राण लावला होता, आणि नरभक्षक जनावराचा बंदोबस्त करणें त्याला भाग होतें. आमच्या खिशांतल्या स्पीकरला कसलीच जोखीम नाहीं. शिवाय तोंडानें साद घालणारा माणूस दमतो, त्याच्या घशाला कोरड पडते. यंत्र दमत नाहीं.

ह्या यंत्राचा मूळपुरुष मात्र मोठा निरागस आहे. पक्ष्याच्या आवाजाचें पहिलें ज्ञात ध्वनिमुद्रण १८८९ सालीं जर्मनींत झालें. लुडविग कॉख नांवाच्या एका लहान मुलानें घरच्या पाळीव शामा पक्ष्याचें गाणें एडिसनच्या फोनोग्राफवर उतरवून घेतलें. शामा हा आपल्या सह्याद्रीच्या रानांतहि गाणारा पक्षी! पुढें तबकड्या आल्या, १९६३ सालीं कॅसेट आली, आणि ध्वनियंत्र खांद्यावरून रानांत नेणें सोपें झालें. २००५ सालीं झेनो-कँटो हा जगभरच्या पक्ष्यांच्या आवाजांचा संग्रह सर्वांस खुला झाला. आतां घाटांत उभ्या उभ्या हवा तो आवाज मिळतो.

ह्याचे उपकारहि सांगितले पाहिजेत. रानपिंगळा हा आपल्या सातपुड्यांतला छोटा घुबड. १८८४ नंतर त्याचा विश्वसनीय पुरावा नव्हता. तो नष्ट झाला असेंच पुष्कळांनीं धरलें होतें. १९९७ च्या नोव्हेंबरांत पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी यांना तो शहाद्याजवळ पुन्हां दिसला. त्यानंतर त्याचा आवाज मुद्रित झाला, आणि तो रानोरान ऐकवून अभ्यासकांनीं नव्या ठिकाणीं त्याचा शोध केला. जो पक्षी आहे किंवा नाहीं हेंच ठाऊक नाहीं, त्याचें रान तरी कसें राखणार? असल्या कामासाठीं मोजकी साद घालण्यास माझा आक्षेप नाहीं.

परंतु आपण हौशी माणसें काय करतों? आणि त्याचें पुढें काय होतें? कॅनडांत चिकडी नांवाचा एक पक्षी आहे, आपल्या वल्गुलीच्या कुळांतला. कांहीं शास्त्रज्ञांनीं त्यांतल्या वरचढ नरांना यंत्रांतला आक्रमक प्रतिस्पर्धी ऐकविला. सामना कांहीं मिनिटांचाच. यंत्र हरणार कसें? नर हरले. झाडींतून त्यांच्या माद्या हें ऐकत होत्या. पुढें पिलांची तपासणी केली, तेव्हां हरलेल्या नरांच्या घरट्यांत दुसऱ्या नरांचीं पिलें अधिक आढळलीं. हा निबंध २००२ सालीं ‘सायन्स’ ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ज्या प्रतिस्पर्ध्याला अंगच नाहीं, त्याच्यापुढें त्या बिचाऱ्यांची पत गेली.

हें मीं वाचलें तें उशिरा. त्यापूर्वींची माझी गोष्ट अशी. २०१७ च्या जूनमध्यें मी आणि माझा एक जुना विद्यार्थी सह्याद्रीच्या पायथ्याशीं एका ओढ्याकांठीं नवरंग पाहावयास गेलों होतों. पावसाच्या तोंडावर हा पक्षी आपल्याकडे विणीसाठीं येतो. सकाळीं आणि तिन्हीसांजेला तो दोन स्वरांची शीळ घालतो; तमिळ लोक त्याला सहा वाजतांचा पक्षी म्हणतात तो त्यामुळेंच. एरवीं तो पाचोळ्यांत टुणटुणत असतो आणि सहसा दिसत नाहीं. विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, आवाज लावूं का?” मीं म्हटलें, “लाव.”

पक्षी आला. त्याच्या चोंचींत एक काडी होती. ती टाकून, मान मागें फेंकून तो ओरडला. ह्या दगडावरून त्या दगडावर, स्पीकरच्या चहूंकडे उड्या मारीत तो सारखा ओरडत राहिला. आम्ही वीस मिनिटें आवाज चालू ठेवला, कारण उजेड चांगला होता. बत्तीस वर्षें मीं मुलांना घरट्यांना धोंडे मारूं नका म्हणून सांगितलें; पण त्या पडलेल्या काडीचा अर्थ कांहीं माझ्या ध्यानांत आला नाहीं.

दोन रविवारांनंतर आम्ही पुन्हां गेलों. आदल्या वेळीं न दिसलेलें त्याचें चेंडूसारखें गवताकाड्यांचें घरटें एका खडकाच्या बेचक्यांत दिसलें. अर्धेंच झालें होतें, आणि भिजून बसलें होतें. माझ्यामुळेंच तें सुटलें असें मी शपथेवर सांगूं शकत नाहीं. पाऊस, मुंगूस, साप, कारणें पुष्कळ असतात. त्या ओढ्यावर आमच्यासारखे आणखी किती जण आवाज लावून गेले असतील, तेंहि कोणी मोजलेलें नाहीं. प्रत्येकाला आपलीं वीस मिनिटें थोडकींच वाटतात. पक्ष्याला त्या सर्वांची बेरीज सोसावी लागते.

कायद्याचें म्हणाल, तर युरोपांतील राष्ट्रांनीं १९७९ च्या पक्षिविषयक निर्देशांतच टेपरेकॉर्डर लावून पक्षी पकडण्यास मनाई केली. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीच्या व्याख्येंत आमिष दाखविण्याचाहि समावेश केला आहे. आवाज हें आमिष आहे कीं नाहीं, याचा काथ्याकूट वकील मंडळींनीं करावा. ज्या तित्तिराच्या पिंजऱ्यासाठीं आपण पारध्याला दोष देतों, त्याच्यापाशीं पोटाची सबब तरी असे.

तें छायाचित्र विद्यार्थ्यानें चौकटींत बसवून मला भेट दिलें, आणि तें माझ्या बैठकीच्या खोलींत लावलेलें आहे. मान मागें टाकलेली, चोंच उघडी, कंठ ताणलेला. येणारे जाणारे म्हणतात, “वा, काय सुरेख गातो आहे!” पूर्वीं मी मान हालवीत असें. आतां तो गात नव्हता, हें सांगतों. ऐकणाऱ्याला तें आवडत नाहीं.

गेल्या जूनमध्यें मी त्याच ओढ्यावर नातवाला घेऊन गेलों. मोबाइल बंद करून पिशवींत ठेवला होता. पाऊण तास डांस चावत होते. सातला दहा मिनिटें असतांना पलीकडच्या झाडींतून ती दोन स्वरांची शीळ आली, मग थोड्या वेळानें पुन्हां एकदां. पक्षी मात्र दिसला नाहीं. मुलगा हिरमुसला; मीहि जरासा हिरमुसलोंच.