गणकाची घडण

गणिताच्या पेपरांत उत्तर बरोबर, पण रीत नाहीं, असें आढळलें म्हणजे परीक्षक पुरे गुण देत नाहीं. मुलाला हा सरळसरळ अन्याय वाटतो. उत्तर चुकलेलें नाहीं, मग गुण कापले कां? परंतु उत्तर परीक्षकाला आधींच ठाऊक असतें. मुलगा त्या उत्तराशीं कोणत्या वाटेनें येऊन पोंचला, एवढेंच त्याला पाहावयाचें असतें. कारण वाट ठाऊक असेल तर उद्यांचें गणितहि सुटेल, आणि ठाऊक नसेल तर आजचें उत्तर शेजारच्या मुलाच्या पाटीवरूनहि आलेलें असूं शकेल.

हीच मुलें मोठीं होऊन संसाराला लागलीं म्हणजे रीत विचारावयाचें सोडून देतात. वाण्याचें बिल, मुदतठेवीचें व्याज, घराच्या कर्जाचा हप्ता, सर्व कांहीं खिशांतल्या मोबाइलवरील गणकाच्या हवालीं केलें जातें, आणि तो जो आंकडा दाखवील तो प्रमाण. त्या गणकाच्या पोटांत काय चाललें आहे हें पाहण्याची सोय बहुधा नसतेच. यंत्र चुकत नाहीं, ही समजूत तर घरोघर आहे. परंतु संगणकाच्या पुष्कळशा भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करावयास सांगितली तर ०.३०००००००००००००००४ असें उत्तर येतें, म्हणजे तीनानंतर पंधरा शून्यें आणि शेवटीं एक उपरा चार! यांत यंत्राचा बिघाड कांहीं नाहीं. यंत्र आंतल्या आंत दोनाच्या पटींनीं मोजतें, आणि एक दशांश हा अपूर्णांक त्या मोजणींत कधींच पुरा बसत नाहीं. जसा एक तृतीयांश दशांशांत बसत नाहीं, तसाच.

ज्याला गणकाची रीतहि पाहावयाची आहे, त्याच्यासाठीं ‘बीसी’ नांवाचा एक जुना व साधा गणक उपलब्ध आहे. त्याला बटणें नाहींत, चित्रें नाहींत. संगणकाच्या पडद्यावर आज्ञा टंकण्याची जी खिडकी असते, तींत त्याचें नांव लिहावें, खालीं गणित लिहावें, आणि पुढच्या ओळींत उत्तर वाचावें, एवढाच त्याचा व्यवहार. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज तो .३ अशी देतो. टिंबामागचें शून्य लिहिण्याचाहि त्याला कंटाळा आहे, पण उपरा चार त्यांत नाहीं.

याचें घराणें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेचें. तेथें रॉबर्ट मॉरिस आणि लोरिंडा चेरी या दोघांनीं प्रथम ‘डीसी’, म्हणजे मेजावरचा गणक, तयार केला. युनिक्स ज्या पीडीपी-११ यंत्रावर वाढलें, त्या यंत्रावर अगदीं पहिल्यानें चाललेली भाषा ही डीसीचीच, असें त्या काळच्या जाणकारांनीं नमूद करून ठेवलें आहे. मात्र डीसीला आधीं संख्या व मागाहून चिन्ह अशा उलट्या क्रमानें बोलावें लागतें. ‘दोन, तीन, अधिक’ असें म्हटलें म्हणजे तो पांच म्हणणार. ही अडचण ओळखून त्याच दोघांनीं १९७५ सालीं बीसी लिहिला. हा शाळेंतल्यासारखें मांडलेलें गणित घेई व त्याचें डीसीच्या भाषेंत रूपांतर करून देई. पुढें रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ग्नू प्रकल्प जाहीर केला, व त्या प्रकल्पासाठीं फिलिप नेल्सन यांनीं १९९१ च्या सुमारास बीसी नव्यानें लिहून काढला. त्याचा परवाना असा आहे कीं, मूळ लिखाण कोणींहि वाचावें, बदलावें, दुसऱ्यास द्यावें. मात्र देतांना तीच मोकळीक पुढच्यालाहि द्यावी. वय झालें तरी हा गणक अडगळींत पडलेला नाहीं. लिनक्सचा गाभा मूळ लिखाणापासून बांधतांना वेळमापनाचे कांहीं स्थिरांक काढावे लागतात, तें काम २०१३ पासून बीसीकडे आहे.

आतां उबुंटूसारख्या लिनक्स-प्रणालीवर एका आज्ञेनें तयार बीसी येऊन बसतो. ज्याला घाई आहे त्यानें तेंच करावें, यांत कमीपणा कांहीं नाहीं. परंतु तयार गणक म्हणजे यंत्रालाच कळणाऱ्या अंकांचा एक गोळा. तो कोणत्या लिखाणापासून बनला हें त्यावरून दिसत नाहीं. रीत पाहावयाची तर मूळ लिखाण आणून आपल्या हातानें बांधणें हाच मार्ग.

ग्नूच्या भांडारांत बीसीची १.०७.१ ही २०१७ सालची आवृत्ति आहे. तिचें पुडकें चारशें किलोबाइटांच्या आसपास, म्हणजे मोबाइलवर काढलेल्या एखाद्या छायाचित्राहूनहि लहान आहे. पुडक्याशेजारींच एक स्वाक्षरीची फाइल असते. ती उतरवून घेऊन जीपीजी या साधनानें ताडून पाहावी. वाटेंत कोणीं पुडक्याला हात लावलेला असेल तर तेथेंच उघडकीला येतें. टपालांतलें पाकीट घेण्यापूर्वीं लाखेची मोहर पाहावी तसाच हा प्रकार आहे, आणि तो टाळण्याची संवय बहुतेकांना असते.

पुडकें उलगडलें म्हणजे आंत बीसी, डीसी, लिब, डॉक अशीं दालनें दिसतात. बीसीच्या दालनांत ‘बीसी डॉट वाय’ ही फाइल आहे. तींत गणिताचें व्याकरण सांगितलें आहे. गुणाकार बेरजेच्या आधीं करावा, कंसांतलें त्याहूनहि आधीं, हा शाळेंतला नियम तेथें सूत्ररूपानें लिहिलेला सांपडतो. लिबच्या दालनांत ‘नंबर डॉट सी’ आहे. संख्येचा प्रत्येक दशमान अंक येथें स्वतंत्र घरांत ठेवला जातो, पाटीवर चौकटी आंखून एकेक अंक लिहावा त्याप्रमाणें. म्हणूनच ०.१ ला ०.१ च राहतां येतें, आणि संख्या कितीहि लांब झाली तरी ती तोडावी लागत नाहीं. बेरीज हातचे घेऊनच होते. गुणाकारहि नेहमींच्या पद्धतीचा. मात्र अंक फारच लांबले म्हणजे संख्येचे दोन तुकडे पाडून चाराऐवजीं तीन गुणाकारांत काम भागविण्याची युक्ति वापरली आहे. ही युक्ति अनातोली कारात्सुबा या रशियन गणित्यानें १९६० सालीं शोधली.

हें सर्व लिखाण सी भाषेंत आहे. माणसाला तें वाचतां येतें, पण यंत्राला समजण्यासाठीं त्याचें रूपांतर करणारा कम्पायलर लागतो. तो घरच्या यंत्रावर असल्याची खात्री करून पहिली आज्ञा द्यावयाची ती ‘कॉन्फिगर’ची. कुशल गवंडी काम घेण्यापूर्वीं जागा पाहतो, वाळू मुठींत धरून पाहतो, पाणी किती लांबून आणावें लागेल तें विचारतो. कॉन्फिगर तेंच करतो: कम्पायलर कोणता, अमुक सोय आहे कीं नाहीं, तमुक कोठें आहे. पडद्यावर प्रश्नांची व उत्तरांची रांग सरकत जाते. टंकलेली ओळ मागेंपुढें जाऊन सुधारण्याची सोय हवी असेल तर रीडलाइन हें साधन जोडण्याची सूचना याच वेळीं द्यावी. मागाहून आठवलें तर हें काम पुन्हां करावें लागतें.

दुसरी आज्ञा ‘मेक’. हा मुकादम. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे याची यादी त्याच्याजवळ असते, व त्या क्रमानें तो कम्पायलरला कामाला लावतो.

येथें बीसीच्या घडणींतली सर्वांत गमतीची गोष्ट घडते. ज्या, कोज्या, घातांक, व्यस्त स्पर्शज्या हीं फलें काढण्याचें ग्रंथालय नेल्सन यांनीं सी भाषेंत लिहिलेलें नाहीं. तें बीसीच्याच भाषेंत लिहिलें आहे. त्या फाइलीचें नांव ‘लिबमॅथ डॉट बी’. तिचें रूपांतर करणार कोण? बीसीच. पण बीसी तर अजून बांधून झालेला नाहीं! यावर योजना अशी कीं, ग्रंथालयाची जागा रिकामी ठेवून प्रथम एक अर्धा बीसी बांधावयाचा. त्याच्याकडून ग्रंथालयाचें रूपांतर करवून घ्यावयाचें. तें रूपांतर पोटांत घालून पुरा बीसी बांधावयाचा. आणि अर्धा पुसून टाकावयाचा. दगडी कमान बांधतांना खालीं लांकडी सांचा उभारतात व कळीचा दगड बसला कीं काढून घेतात, तसा हा अर्धा बीसी क्षणभर येतो आणि जातो.

आणि नेमकें येथेंच पुष्कळांचें काम अडतें. रूपांतर झालेल्या ग्रंथालयावर शेवटचा हात फिरविण्यासाठीं या आवृत्तींत ‘ईडी’ नांवाचा लिखाण-संपादक वापरला आहे. युनिक्सच्या अगदीं बाल्यांतला, केन थॉम्प्सन यांनीं लिहिलेला हा संपादक एके काळीं प्रत्येक यंत्रावर असे; अलीकडच्या अनेक यंत्रांवर तो नसतो. मग मुकादम ‘ईडी सांपडत नाहीं’ एवढें सांगून काम थांबवितो, आणि गणक बांधावयास बसलेला गृहस्थ गणकांत चूक शोधीत राहतो. चूक गणकांत नसते. ईडी आणून बसवावा, आणि अर्धवट राहिलेल्या बांधणीवर पुढें न चढवितां पुडकें पुन्हां उलगडून पहिल्यापासून आरंभ करावा. सारी बांधणी थोड्या वेळांतच होते, तेव्हां यांत काटकसर करण्यांत अर्थ नाहीं.

तिसरी आज्ञा ‘मेक इन्स्टॉल’. तयार गणक व त्याची माहितीपुस्तिका यंत्राच्या सामाईक जागेंत ठेवण्याचें काम ती करते. सामाईक जागेंत ठेवणें म्हणजे घराच्या मुख्य किल्लीचें काम, म्हणून व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. यंत्र दुसऱ्याचें असेल तर कॉन्फिगरच्या वेळींच आपल्या खासगी दालनाचा पत्ता द्यावा. यंत्रावर आधींचा एखादा बीसी असेल तर नांवानें हांक मारल्यावर धांवून येतो तो नवा कीं जुना, हें आवृत्ति विचारून पाहावें.

गणक बसला. आतां समजा, त्या गृहस्थानें एक हजार रुपये दरसाल दरशेंकडा सात या दरानें दहा वर्षें चक्रवाढीनें ठेवले तर किती होतील, हें विचारलें. बीसी उत्तर देतो: १९६०.००. हातानें केलेला हिशेब सांगतो, १९६७ रुपये १५ पैसे. सात रुपये गेले कोठें? माहितीपुस्तिका उघडली म्हणजे उलगडा होतो. किती दशांश स्थळें ठेवावयाचीं हें बीसी स्वतः ठरवीत नाहीं. तें ‘स्केल’ या नांवानें सांगावें लागतें. न सांगितल्यास भागाकारांत तो एकहि स्थळ ठेवीत नाहीं, आणि घातांकांत मूळ संख्येला जेवढीं असतील तेवढींच ठेवतो. १.०७ ला दोन स्थळें, म्हणून १.९६७ चे १.९६ झाले, व त्याला हजारानें गुणलें. स्केल दहा करून पुन्हां विचारलें कीं १९६७.१५१३५७२००० हें उत्तर येतें. नवख्याला ही रीत जाचक वाटेल, आणि ती थोडी जाचक आहेहि. पण पुढचे अंक सोडून द्यावयाचे कीं नाहींत हा निर्णय येथें पैसे ठेवणाऱ्याच्या हातीं राहतो.

याहून मौजेचें उदाहरण पायचें. ग्रंथालयासह बीसी सुरू केला म्हणजे स्केल आपोआप वीस होतें. एक या संख्येची व्यस्त स्पर्शज्या घेऊन तिला चारानें गुणलें तर पाय यावयास हवा. उत्तर येतें ३.१४१५९२६५३५८९७९३२३८४४. पायचे खरे वीस दशांश मात्र ४६ नें संपतात. विसाव्या स्थळापुढचे अंक बीसी जवळच्या अंकाशीं न जुळवितां सरळ कापतो, व कापलेल्या संख्येला चारानें गुणल्यामुळें ती तूट चौपट होते.

एवढ्यावर समाधान न मानतां गृहस्थानें लिबमॅथ डॉट बी उघडली, तर तेथें निराळेंच दृश्य दिसतें. व्यस्त स्पर्शज्येसाठीं जी श्रेढी लिहिली आहे, क्ष वजा क्ष घन भागिले तीन, अधिक क्षचा पंचघात भागिले पांच, ती ओळखीची आहे. चौदाव्या शतकांतील केरळचा गणिती संगमग्रामचा माधव याच्या नांवानें ती प्रसिद्ध आहे. क्षच्या जागीं एक घातला तर ती फार हळू चालते. शंभर पदें बेरजेला घेतलीं तरी पायची किंमत ३.१३ च येते. म्हणून नेल्सन क्षची किंमत आधीं एक पंचमांशाच्या आंत आणून मग श्रेढी वापरतात. पण क्ष नेमका एक असेल आणि स्केल साठापर्यंत असेल, तर बीसी ही कांहींच खटपट करीत नाहीं. उत्तर त्या फाइलींत आधींच लिहून ठेवलेलें आहे! पंचवीस स्थळांपर्यंतचें एक, चाळिसांपर्यंतचें दुसरें, साठांपर्यंतचें तिसरें. विचारणाऱ्याला वाटतें गणक गणित करीत आहे. तो पाठ केलेला पाढा म्हणत असतो. हेतु वेळ वांचविण्याचाच आहे व लपवाछपवी मुळींच नाहीं. शेजारच्या टीपेंत तसें स्वच्छ लिहिलें आहे. स्केल एकसष्ट केलें म्हणजे तो खरोखर गणित करूं लागतो.

त्याच फाइलीच्या आरंभीं स्केल वीस असें ठरवून देणारी ओळ आहे. ती बदलून पंचवीस करावी, व मेकची आज्ञा पुन्हां द्यावी. मुकादमाला कोणती फाइल नवी झाली हें कळतें. तो सांचा पुन्हां उभारतो, ग्रंथालयाचें रूपांतर करवितो, सांचा काढून टाकतो. नंतर पाय विचारावा. विसाव्या स्थळावर आतां ४६ बरोबर येतात, आणि तूट सरकून पंचविसाव्या स्थळावर गेलेली असते: तेथें तीन पाहिजेत, दोन आहेत.