रात्रीचा रस्ता आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वाशीहून अलिबागपर्यंत रात्रभर सायकली चालवीत जावे, अशी सूचना गेल्या बैठकीत आली आणि तिच्यावर बरीच खडाजंगी झाली. दिवसा का नको, असे कोणी विचारले. एका भगिनीने तर स्पष्टच विचारले की, बायकांनी रात्रीबेरात्री हमरस्त्यावर जाऊन मिळवावयाचे काय? प्रश्न रास्त आहे. गेल्या हिवाळ्यात मी एका लहानशा गटाबरोबर हा प्रवास करून आले, म्हणून उत्तर देण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करते. रात्रीची सायकल म्हणजे तरुण पोरांची हुल्लड नव्हे. फ्रान्समध्ये पॅरिसहून ब्रेस्ट आणि परत पॅरिस अशी दौड 1891 साली सुरू झाली. आज ती चार वर्षांनी एकदा होते. अंतर सुमारे 1200 किलोमीटर आणि मुदत जास्तीत जास्त 90 तासांची. म्हणजे रात्री टाळून भागतच नाही. तिच्या तयारीसाठी ज्या दौडी होतात त्यांना आपल्याकडची मंडळी ‘बीआरएम’ म्हणतात. मुंबई-पुण्याकडेही त्या होतात. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40 तास. वाटेतल्या ठाण्यांवर कार्डावर शिक्का घ्यावयाचा. अंधार पडला की पुढे दिवा, मागे तांबडा दिवा आणि अंगात चमकत्या पट्ट्यांचे जाकीट हवेच. त्यावाचून पुढे जाऊ देत नाहीत. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही की, यात पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत पोहोचला तो पोहोचला. आपल्या हळदीकुंकवाच्या उखाण्यांतही याहून अधिक चुरस असते!

आता आमच्या प्रवासाविषयी. रात्री दहाला वाशीहून निघालो. पाम बीच रस्त्याने बेलापूर, तेथून पनवेल, कर्नाळ्याची चढण, पेण, वडखळ आणि अलिबाग. सारे मिळून 80-90 किलोमीटर. द्रुतगती मार्गावर सायकलला मज्जाव आहे, पण आपली वाट निराळी असल्यामुळे त्याची अडचण नाही. पुढची वाट दाखवणारी एक आणि सर्वांत मागे राहणारी एक, अशा दोघी आधीच ठरल्या होत्या. मागचीने कोणालाही ओलांडून पुढे जावयाचे नाही, हा नियम. त्यामुळे जी सर्वांत हळू, तीच गटाचा वेग ठरवते. पुढची ‘खड्डा!’ म्हणून ओरडली की तो शब्द एकीकडून दुसरीकडे शेवटपर्यंत जातो. ट्रकवाल्याला एकटी सायकल दिसत नाही. सात-आठ तांबड्या दिव्यांची ओळ लांबूनच दिसते आणि तो आपण होऊन उजवीकडे सरकतो.

कर्नाळ्याच्या झाडीत मात्र मन थोडे चरकले, हे खरे. दिव्याच्या उजेडापलीकडे काहीच दिसत नव्हते. पण चढण असली म्हणजे भीतीला फारशी सवड मिळत नाही. श्वासच पुरत नाही. पेणला पोहोचलो तेव्हा गाव गाढ झोपले होते. ज्या गावाचे गणपती आपल्या घरोघर येतात, ते गाव असे निजलेले पाहताना मला उगीचच माया वाटली. वडखळच्या बाजूला डोलवीच्या पोलाद कारखान्याची अवजड वाहने असतात, तेथे गप्पा बंद करून एका ओळीत चालावे लागते.

पहाटे तीन ते चार ही वेळ कठीण. शरीराची उष्णता त्या सुमारास सर्वांत उतरलेली असते आणि डोळे आपोआप मिटतात. त्यावर चहा हा उपाय नव्हे. सायकल कडेला उभी करून पंधरा-वीस मिनिटे आडवे व्हावे, हाच उपाय. आम्ही एका बंद टपरीच्या बाकड्यांवर पाळीपाळीने झोपलो. दोघी जाग्या, बाकीच्या निजलेल्या. भूक लागण्याची वाट न पाहता तासातासाला केळे, चिक्की, मीठ-साखरेचे पाणी घ्यावे.

आता ज्याविषयी सभेत कोणी बोलत नाही, ते बोलते. खरी अडचण ट्रकची नव्हे, काळोखाचीही नव्हे, शौचालयाची. एका पेट्रोल पंपावर बायकांच्या शौचालयाला कुलूप होते. किल्ली मागितली तर नोकर म्हणाला, “रात्री बायका येतच नाहीत, म्हणून बंद ठेवतो.” कुलूप आहे म्हणून बाई येत नाही, आणि बाई येत नाही म्हणून कुलूप! आम्ही आठजणी तेथे उभ्याच राहिलो, तेव्हा दहा मिनिटांत किल्ली सापडली. बायकांनी रात्री जाऊन काय मिळवावयाचे, असे ज्यांनी विचारले त्यांना मी ही किल्ली दाखवीन.

वयाचा प्रश्नही निघाला होता. पुण्याच्या प्रीती मस्के यांनी 2022 साली लेह ते मनाली हे सुमारे 430 किलोमीटरचे डोंगराळ अंतर 55 तास 13 मिनिटांत कापले, तेव्हा त्या 45 वर्षांच्या आणि दोन मुलांच्या आई होत्या. पुण्याचीच वेदांगी कुलकर्णी विशीत जगप्रदक्षिणेला निघाली आणि 2018 च्या डिसेंबरात कोलकात्यात पोहोचली. 159 दिवसांत 29,000 किलोमीटर. स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटले, तरी ती पुढे गेली. आपल्याला एवढे काही करावयाचे नाही. एक रात्र, तीही आठजणींच्या सोबतीने.

घरच्यांचे काय? माझ्या घरी सासूबाईंनी फक्त एकच विचारले, “पोहोचलीस की कळवशील ना?” ज्यांच्या घरी अधिक प्रश्न असतील, त्यांच्याकडे मी स्वतः येऊन बोलेन. गुडघ्याचे वा रक्तदाबाचे दुखणे असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. पहिल्या खेपेला ज्यांना पेणपर्यंतच यावयाचे असेल त्यांनी तसे सांगावे. तेथून सकाळी एस.टी. मिळते, सायकली टेम्पोने परत आणता येतील. सराव दर रविवारी पहाटे पाच वाजता पाम बीच रस्त्यावर. ब्रेकचे रबर झिजले असतील ते त्याआधी बदलून घ्या, आणि मागचा दिवा लागतो की नाही, ते शेजारणीला मागे उभी करून पाहा.