मेनुहिन यांचे पुन्हा शिष्य होणे
(संस्थेच्या वार्षिक विद्यार्थी-गौरव समारंभातील भाषण)



गुणवंत मुलांचे कौतुक करण्यासाठी आपण येथे जमलो आहोत. अशा प्रसंगी यहुदी मेनुहिन या जगद्विख्यात व्हायोलिनवादकाचे चरित्र आपणांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले. बालपणी लाभलेल्या यशाचे पुढे काय करावे, हा प्रश्न त्यांच्याही वाट्यास आला होता.

मेनुहिन यांचा जन्म १९१६ साली न्यूयॉर्क येथे झाला. वयाच्या सातव्या वर्षी ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वाद्यवृंदाबरोबर श्रोत्यांसमोर आले. पुढे पॅरिसला जॉर्ज एनेस्क्यू हे गुरू लाभले. १९२९ च्या एप्रिलमध्ये, तेरावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, ब्रूनो वॉल्टर यांच्या संचालनाखाली बर्लिन येथे त्यांनी बाख, बेथोव्हेन आणि ब्राम्स या तिघांच्या रचना एकाच मैफलीत वाजविल्या. याहून मोठे यश मुलाने मिळवावे तरी कोणते?

परंतु जे सहज साधते, ते कसे साधते, हे बालवयात कोणी तपासून पाहत नाही. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी त्यांनी शेकडो कार्यक्रम केले. त्या श्रमांनी शरीर थकले, आणि बालपणी आपणहून चालणारा हात अडखळू लागला. कीर्ती होती, धन होते. उणीव लपविणे अवघड नव्हते. त्यांनी ती लपविली नाही.

१९५२ साली पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून ते भारतात आले. त्या दौऱ्याचे उत्पन्न त्यांनी दुष्काळनिवारणास दिले. त्याच वेळी मुंबईत पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांची व त्यांची गाठ पडली. अय्यंगारांस तेव्हा परदेशी कोणी फारसे ओळखत नव्हते. तरीही पस्तीस वर्षांचा हा जगन्मान्य कलावंत त्यांच्यापुढे शिष्य होऊन बसला. १९५४ साली मेनुहिन यांनी त्यांस एक घड्याळ भेट दिले. त्यावर आपले सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षक असा त्यांचा गौरव कोरविला होता. ज्यांनी हाती गज धरून कधी शिकविले नाही, त्यांस हा मान!

शिष्यत्व असे पत्करल्यावरच ते इतरांचे खरे मार्गदर्शक झाले, असे आम्ही मानतो. १९५९ पासून बाथ येथील संगीतोत्सवाची धुरा त्यांनी वाहिली, वाद्यवृंदाचे संचालन केले आणि १९६३ साली इंग्लंडमध्ये मुलांसाठी संगीतशाळा काढली. उत्तरायुष्यात संचालनाकडेच त्यांचा अधिक ओढा होता. संचालक स्वतः एकही सूर काढीत नाही. इतरांचे सूर जुळवून घेणे, हेच त्याचे काम. १९८२ साली बर्लिनच्या वाद्यवृंदाच्या शताब्दीप्रसंगी तर शीर्षासनात उभे राहून त्यांनी पायांनी ताल दिला! १९९९ साली त्याच नगरीत त्यांचे देहावसान झाले.

पालकहो, आज ज्यांस पारितोषिक मिळाले, त्यांस तोच पाल्हाळ घरी वर्षभर ऐकवू नका. नवे काय शिकलास, एवढे मात्र अवश्य विचारा. कार्यकारी मंडळासही आमची नम्र विनंती आहे. आपली शिष्यवृत्ती केवळ प्रथम येणाऱ्यांसच मिळते. पुढील वर्षापासून एक शिष्यवृत्ती अशा विद्यार्थ्यासाठी राखावी, जो एकदा अनुत्तीर्ण होऊनही पुन्हा अभ्यासास बसला आणि उत्तीर्ण झाला. अशी मुले आपल्या घरोघरी आहेत, आणि आजच्या समारंभास ती बहुधा आलेली नाहीत. त्यांनाही या व्यासपीठावर बोलावू या.