खासदारांना चार ओळी


कुरुंद्याच्या, वसमत तालुक्याच्या मंडळींनो,
आज थोडं लग्नाच्या कायद्याविषयी.

दोन प्रौढ पुरुषांचं, किंवा दोन प्रौढ स्त्रियांचं प्रेम
हा गुन्हा नाही.
सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्येच ते सांगितलं.
पण त्यांच्या लग्नाची नोंद मात्र होत नाही.

2023 मध्ये या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली.
सरन्यायाधीश होते धनंजय चंद्रचूड.
निकाल आला :
कायदा बदलणं हे संसदेचं काम.

संसदेत हा विषय आधीच निघाला होता.
बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी
2022 च्या एप्रिलमध्ये विधेयक मांडलं.
विशेष विवाह कायद्यात अशा जोडप्यांनाही जागा द्या, ही मागणी.
पण ते खासगी विधेयक, म्हणजे सरकारनं नव्हे, एका खासदारानं मांडलेलं.
अशी विधेयकं सहसा पुढं सरकत नाहीत.

नोंद नसली तर काय अडतं?
समजा, जोडीदार वारला.
मृत्युपत्र नसेल,
तर त्याच्या शेतात, घरात
मागे राहिलेल्याला वाटा नाही.
वीस वर्षं एका चुलीवर जेवले असले, तरी नाही!

म्हणून पुन्हा सांगते,
कायदा बदलणं संसदेच्या हातात आहे.
आणि संसदेत आपला माणूस आहे.

हिंगोलीच्या खासदारांना पत्र लिहा.
चार ओळी पुरेत.
या बदलाला पाठिंबा द्या,
एवढंच मागा.