गाव सोडताना



मला ‘गाव सोडणं’ या विषयावर बोलायला सांगितलंय. आपल्यातले निम्म्याहून अधिक जण जालना सोडून गेले, तेव्हा अनुभव सगळ्यांकडेच आहे. मी मात्र आधी जालन्यात आलेल्या एका माणसाविषयी बोलणार आहे.

नारायण शेषाद्री. मुंबईत मिशनच्या शाळेत शिकलेला ब्राह्मण तरुण. 1843 मध्ये त्यानं बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन होता. तोही मिशनऱ्यांकडे राहिला होता, पण कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. त्याला जातीत परत घ्यावं की नाही, यावरून मुंबईत केवढं वादळ उठलं! बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूनं उभे राहिले, म्हणून सनातन्यांचा रोष त्यांनाही सोसावा लागला. म्हणजे घर सोडून गेलेल्याला परतीची वाट नव्हती, आणि घरी परत आलेल्यालाही दार सरळ उघडलं नाही.

साता समुद्रापलीकडून येणाऱ्या मिशनऱ्याचं घर दूर असे, पण ते त्याची वाट पाहत असे. मिरजेचे डॉ. वानलेस 1889 मध्ये आले आणि 1928 मध्ये, म्हणजे 39 वर्षांनी, निरोप घेऊन गेले. नारायणरावांचं तसं नव्हतं. त्यांची माणसं याच मुलखात, याच भाषेत बोलणारी, आणि तरी तुटलेली. मला हे अंतर जास्त अवघड वाटतं.

पुढे ते निजामाच्या राज्यात, आपल्या जालन्याला आले. तेव्हा इथे रेल्वेही नव्हती. सालारजंगांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. राहायला आले ते बहुतेक मांग आणि महार समाजातले लोक. त्यांच्या धर्मकार्याबद्दल मतं वेगळी असू शकतात, माझीही आहेत. पण ज्याला आपल्या घरात जागा उरली नाही, त्यानं जागा नाकारलेल्यांसाठी गाव वसवलं, हे मला विसरता येत नाही. 1873 मध्ये ते न्यूयॉर्कच्या परिषदेला गेले आणि पुन्हा कामावर परतले ते इथेच.

आईच्या मनात तेव्हा काय असेल? हे कुठे वाचायला मिळत नाही. निघून गेलेल्यांची चरित्रं लिहिली जातात, मागे राहिलेल्यांची कोण लिहितो?

हे सगळं आज आठवण्याचं कारण घरगुती आहे. आईवडील गेले, आणि पुढच्या महिन्यात मी इथल्या घराची चावी नव्या मालकाच्या हातात देतोय. ‘जालना, सोने का पालना’ म्हणत मोठा झालो, पण इथे उतरायला हक्काचं घर आता उरणार नाही. अंगणातला कडुनिंब तोडू नका, असं नव्या मालकांना सांगायचं ओठांवर आलं होतं. नाही सांगितलं. घर आता त्यांचं आहे.

तुमच्यातले जे जालन्यातच राहिलात, त्यांच्याकडे मात्र एक मागणं आहे. मी आलो की हॉटेलात उतरू देऊ नका. आणि मी तिकडे बसून इथल्या बदलांना नावं ठेवू लागलो, तर मला तिथेच थांबवा.